मसाई मारातील तंबू-लॉज : खोलीआधी गाइड आणि जमीन पाहा

केनियाच्या नैर्ऋत्येला, टांझानियाच्या सीमेला खेटून, मसाई मारा हे सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचे अभयारण्य पसरले आहे. त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी एकत्र आणून उभी केलेली संवर्धन क्षेत्रे आहेत. तिकडे त्यांना ‘कन्झर्व्हन्सी’ म्हणतात. अशाच एका कन्झर्व्हन्सीतील तंबू-लॉजमध्ये आम्ही लातूरची चार माणसे, म्हणजे मी, माझी पत्नी, थोरले बंधू आणि वहिनी, ऑगस्टमध्ये राहून आलो. लॉजचे नाव येथे मुद्दाम देत नाही. काही गोष्टी खटकल्या, त्या हातचे न राखता लिहायच्या आहेत. आणि जे मनापासून आवडले, ते त्या एका लॉजपुरते मर्यादित नसून, आफ्रिकेतील गवताळ प्रदेशात कुठेही लॉज निवडताना त्याच कसोट्या लावाव्यात, असे माझे ठाम मत झाले आहे.

पहिली कसोटी जागेची. लॉज अभयारण्याच्या हद्दीत आहे की कन्झर्व्हन्सीत, हे पैसे भरण्याआधी नकाशावर बोट ठेवून विचारून घ्यावे, कारण जाहिरातींत दोन्हींचा उल्लेख सरसकट ‘मारा’ असाच असतो. अभयारण्यात तिकीट काढून कोणीही येऊ शकतो, संध्याकाळी फाटके बंद होतात, ठरलेला रस्ता सोडून गाडी नेता येत नाही आणि रात्रीच्या फेरीला परवानगी नाही. कन्झर्व्हन्सीत फक्त तिथे मुक्कामाला असलेल्यांनाच प्रवेश मिळतो, ठरावीक एकरांमागे एकच तंबू अशी मर्यादा असते, रात्रीची फेरी आणि गाइडबरोबर पायी फिरणे दोन्ही शक्य असते. जनावरांना यातले काहीच ठाऊक नसते. मधे कुंपण नाही, त्यामुळे आज इकडे दिसलेला सिंहांचा कळप उद्या तिकडे असतो. पण एका सिंहाभोवती वीस गाड्यांची गर्दी पाहायची, की दोनच गाड्यांतून शांतपणे त्याला निरखायचे, हे मात्र आपण कुठे उतरलो यावरच ठरते. आमचे लॉज कन्झर्व्हन्सीत होते आणि या मुक्कामातील बहुतेक समाधान त्या एका निवडीतून मिळाले.

नैरोबीहून नारोक मार्गे रस्त्याने पाच-सहा तास लागतात. विल्सन विमानतळावरून छोटी विमानेही जातात, परंतु त्यांत माणशी पंधरा किलोचे, तेही मऊ पिशवीतले सामान चालते, हे लक्षात ठेवून बॅग भरावी. आम्ही रस्त्याने गेलो. नैरोबी सोडल्यावर थोड्याच वेळात रिफ्ट व्हॅली या प्रचंड खचदरीचा कडा लागतो, तो दिवसाउजेडी पाहण्यासाठी तरी एका बाजूचा प्रवास रस्त्याने करावा, असे मी सुचवीन.

तंबू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लग्नाचा मांडव किंवा शाळेच्या सहलीची राहुटी येते. येथे लाकडी चौथऱ्यावर जाड कॅनव्हासची प्रशस्त खोली, आत पलंग, मच्छरदाणी, लिहायला मेज आणि मागच्या बाजूला न्हाणीघर अशी व्यवस्था होती. स्वच्छता वाखाणण्यासारखी होती. विजेचे दिवे सौरऊर्जेवर चालत, मात्र मोबाइल आणि कॅमेरा चार्ज करण्यासाठी जेवणाच्या मुख्य तंबूतच जावे लागे आणि तिथल्या सॉकेटसाठी संध्याकाळी रांग लागे. कॅमेऱ्याची जादा बॅटरी नसेल तर ही गैरसोय त्रासदायक ठरते. प्रत्येक तंबूत एक तरी सॉकेट देणे लॉजला अवघड नाही, आणि आम्ही अभिप्रायाच्या वहीत तसे लिहूनही आलो.

न्हाणीघराबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण आमच्या घरात कौतुक झाले ते त्याचेच. वर दोरीने ओढलेली कॅनव्हासची पिशवी, तिला खाली पितळी झारी आणि झारीला साखळी. अंघोळीची वेळ आदल्या दिवशी सांगून ठेवायची; त्या वेळी एक कर्मचारी तंबूमागे येऊन, आवाज देऊन, चुलीवर तापवलेले वीस लिटर पाणी पिशवीत ओततो आणि दोरी ओढून पिशवी वर चढवतो. साखळी ओढली की पाणी सुरू, सोडली की बंद. वीस लिटरमध्ये दोघांच्या अंघोळी होतात, फक्त साबण लावताना साखळी सोडायला हवी. सांडपाणी मागच्या शोषखड्ड्यात जिरवले जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर ज्या शहराने दिवस काढले, त्या शहरातील माणसाला पाण्याचा हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. आमच्या शेजारच्या तंबूतील पाहुण्यांनी मात्र ‘एवढे पैसे घेऊन बादलीभर पाणी’ अशी तक्रार केली. त्यावर व्यवस्थापकांनी दिलेले उत्तर मला योग्य वाटले. लॉजची विंधन विहीर ज्या पाण्यावर चालते, त्याच भूजलावर आसपासच्या मसाई वस्त्या आणि त्यांची गुरे अवलंबून आहेत, आणि खुद्द मारा नदीचे पाणी, ती जिथे उगम पावते त्या माऊच्या डोंगरातील जंगल तुटल्यामुळे, पूर्वीसारखे भरवशाचे राहिलेले नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. या परिसरात पोहण्याचे तलाव बांधलेली लॉजेही आहेत. ज्यांना तलाव हवा, त्यांनी मोम्बासाच्या किनाऱ्यावर जावे. कोरड्या गवताळ रानात तलावासाठी पाणी उपसणाऱ्या लॉजला मी तरी पैसे देणार नाही.

पहिल्याच फेरीला दादांनी गाडी थांबवायला लावली ती जनावरासाठी नव्हे. चाकाला चिकटलेल्या मातीचा गोळा त्यांनी बोटांत चुरडून पाहिला आणि म्हणाले, “अरे, ही तर आपलीच काळी हाय की!” ते खरेच होते. माराच्या मोठ्या पट्ट्यात आपल्यासारखीच काळी कापसाची जमीन आहे. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात चाकाला लगडणारी. त्या काळ्या जमिनीवर एका जातीची बुटकी बाभूळ वाढते. तिच्या काट्यांच्या बुडाशी सुपारीएवढ्या पोकळ गाठी असतात आणि त्या गाठींत मुंग्या राहतात. गाइडने फांदीला काठी लावताच मुंग्या भराभर बाहेर आल्या. झाड मुंग्यांना घर आणि गोड रस देते, मुंग्या पाला ओरबाडणाऱ्या जनावरांना चावून झाडाची राखण करतात. दूर गवतात एकेकटी उभी असलेली हिंगणबेटाची झाडे वहिनींनी पाहताक्षणी ओळखली. अशी ओळखीची खूण सापडली की परका मुलुख परका राहत नाही, आणि लॉजच्या माहितीपत्रकात यातले एक अक्षरही नव्हते, याची मात्र खंत वाटली. सिंह, हत्ती, गेंडा, बिबट्या आणि रानम्हैस या पाचांचीच नावे छापण्यात पानेच्या पाने खर्ची घातली होती.

हे सगळे दाखवले ते आमच्या गाइडने, आणि लॉजचे खरे मोल माझ्या मते त्या माणसात होते. ते मसाई समाजातले, पस्तिशीच्या आसपासचे गृहस्थ. त्यांच्या सदऱ्यावर चांदीच्या रंगाचे पदक होते. केनियात सफारी गाइडांची १९९६ मध्ये स्थापन झालेली संघटना लेखी आणि तोंडी परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा तीन श्रेणी देते. सुवर्णश्रेणीपर्यंत मोजकेच पोहोचतात. आपल्याला कोणत्या श्रेणीचा गाइड मिळणार, हे लॉजला आधी विचारण्यात संकोच करण्याचे काहीच कारण नाही. आम्ही विचारले होते, आणि त्याचा मोबदला मिळाला.

एके सकाळी उंच गवतातून एक चित्ता मादी आणि तिची तीन पिल्ले चालताना दिसली. गाइडने बऱ्याच अंतरावर गाडी उभी करून इंजिन बंद केले. मादी वारुळाच्या उंचवट्यावर चढली, मान ताठ करून दूर चरणाऱ्या गॅझेल हरणांकडे पाहत राहिली, आणि पिल्ले तिच्या पायांशी एकमेकांच्या शेपट्या ओढत बसली. दुर्बिणीतून तिच्या डोळ्यांपासून ओठांपर्यंत उतरलेल्या काळ्या रेषा, चालताना खांद्यांची वरखाली होणारी हाडे आणि पिल्लांच्या पाठीवरची राखाडी झुलपे स्पष्ट दिसत होती. तेवढ्यात दुसऱ्या लॉजची एक गाडी आली आणि थेट तिच्या व हरणांच्या मधे जाऊन थांबली. आमच्या गाइडने काहीही न बोलता गाडी मागे वळवली. गाडीतील एका पाहुण्याने नाराजी व्यक्त केली, तेव्हा त्यांनी कारण सांगितले. सिंह आणि तरस बहुतांशी रात्री शिकार करतात, चित्ता मात्र दिवसा, नजरेच्या आणि वेगाच्या बळावर करतो. त्यामुळे गाड्यांचा सर्वांत जास्त फटका त्यालाच बसतो. एक शिकार हुकली की पिल्ले उपाशी राहतात. हे नुसते मत नव्हे. मारातच केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात चित्ता मादीची सरासरी ०.२ पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत जगली, तर कमी वर्दळीच्या भागात हेच प्रमाण २.३ होते. ज्या देशाने १९५२ मध्ये आपला चित्ता संपल्याचे जाहीर केले, त्या देशाच्या पाहुण्यांना तरी हे आकडे जिव्हारी लागायला हवेत.

गाइडने पाठ फिरवली म्हणून आमचे नुकसान झाले असे मला क्षणभरही वाटले नाही. उलट, बक्षिशीच्या आशेने जनावराच्या अंगावर गाडी घालणारे गाइड आणि तसे करायला त्यांना भाग पाडणारे पाहुणे, या दोघांनाही लॉजने लगाम घालायला हवा. आमच्या लॉजने मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी एक पानी नियमावली वाचून दाखवली होती. एका जनावराभोवती पाचांहून अधिक गाड्या नकोत, उभे राहून ओरडायचे नाही, मोबाइलवरून जनावरांची जागा कोणाला कळवायची नाही. नियम सगळेच छापतात. येथे ते पाळले गेले.

लॉजला कुंपण नव्हते. अंधार पडल्यावर तंबूतून एकट्याने बाहेर पडायला सक्त मनाई होती. दिव्याने खूण केली की भाला आणि विजेरी घेतलेला रखवालदार येऊन जेवणाच्या तंबूपर्यंत सोबत करायचा. रात्री पाणघोडे नदीतून वर येऊन तंबूंच्या मधल्या गवतात चरतात, आणि गवत उपटल्याचा आवाज कॅनव्हासच्या भिंतीतून अगदी कानाशी ऐकू येतो. माझ्या पत्नीला पहिल्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या रात्रीपासून तिने त्या आवाजाची वाट पाहायला सुरुवात केली. हृदयविकाराचा त्रास असलेल्यांनी, रात्री वारंवार उठावे लागणाऱ्या ज्येष्ठांनी आणि लहान मुले घेऊन जाणाऱ्यांनी मात्र कुंपण असलेले लॉज निवडावे. मुलांच्या वयाची अटही अनेक ठिकाणी असते.

दादा शेतकरी आहेत. आमच्याकडे हरणांचे कळप कोवळी ज्वारी आणि हरभरा फस्त करतात, रानडुकरे भुईमूग उकरतात आणि माळ्यावर रात्र जागून काढणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात राबावे लागते. त्यामुळे त्यांनी गाइडला विचारलेला प्रश्न सरळ होता : “सिंहानं गाय मारली तर तुमच्या माणसाला काय मिळतं?” मी तो इंग्रजीत सांगितला. गाइडचे उत्तर बराच वेळ चालले. कन्झर्व्हन्सीतील जमिनीचा प्रत्येक मालक आपला तुकडा भाडेपट्ट्याने देतो आणि त्याला पाहुणे येवोत न येवोत, ठरलेले भाडे नियमितपणे खात्यावर मिळते. त्या बदल्यात त्याने तिथे घर बांधायचे नाही, कुंपण घालायचे नाही आणि गुरे ठरवून दिलेल्या वेळीच, ठरवून दिलेल्या पट्ट्यात चारायची. रात्री गुरे काटेरी कुडाच्या गोठाणात असतात. अलीकडे त्या कुडाला लोखंडी जाळी आणि लुकलुकणारे सौर दिवे लावल्याने सिंहांचे हल्ले कमी होतात. तरीही गाय गेली तर दुःख होतेच, आणि भाडे तिची जागा भरून काढत नाही, असेही ते म्हणाले. त्यांचा हा प्रामाणिकपणा आम्हाला भावला. स्वतः गाइडच्या कुटुंबाची जमीनही या करारात होती. लॉजला दिलेल्या रकमेतून काही भाग त्या मातीच्या मालकापर्यंत जातो, हे मुक्कामाआधी विचारून खात्री करून घ्यावे, कारण ज्याच्या रानात जनावर राहते, त्याला ते राहणे परवडले तरच ते टिकेल. मराठवाड्यातील काळविटांच्या बाबतीत आपल्याला असे काही करता येईल का, यावर दादा परतीच्या वाटेवर नारोकपर्यंत बोलत होते.

जेवणाबाबत संमिश्र अनुभव आला. आम्ही शाकाहारी असल्याचे आरक्षणाच्या वेळी लेखी कळवले होते, तरी पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघराला त्याचा पत्ता नव्हता आणि मांसाच्या भांड्यातला डाव भाजीच्या भांड्यात फिरत होता. तक्रार करताच मुख्य आचारी स्वतः आले आणि दुसऱ्या दिवसापासून आमचे जेवण वेगळे येऊ लागले. चपाती आणि डाळ तिकडे नवी नाही. भारतीय वस्तीमुळे केनियाच्या घराघरांत चपाती रुजली आहे. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि हिरव्या पालेभाजीची सुकुमा विकी आम्ही आवडीने खाल्ली, मका आणि घेवडा एकत्र शिजवून केलेली गिथेरी तर दोनदा मागून घेतली. श्रावणी सोमवारी वहिनींचा उपवास होता. आचाऱ्यांनी त्यात काय चालते हे नीट विचारून घेतले आणि उकडलेली रताळी, भाजलेले शेंगदाणे आणि पपई असे ताट त्यांच्यापुढे ठेवले. एवढ्या दूरच्या रानात कोणी आपल्या उपवासाची अशी बूज राखावी, याने वहिनींना भरून आले.

सर्वांत मोठी तक्रार आहे ती पैशांच्या अपारदर्शकतेची, आणि तिचा दोष लॉजपेक्षा आरक्षण करून देणाऱ्या मध्यस्थाकडे अधिक जातो. ‘सर्व खर्चासह’ असे सांगून त्याने रक्कम घेतली होती. मारा नदी पार करणारे विल्डबीस्ट या गाईसारख्या दिसणाऱ्या रानटी जनावरांचे कळप पाहायचे, तर कन्झर्व्हन्सीतून अभयारण्यात जावे लागते आणि तिथले प्रवेशशुल्क वेगळे असते, हे आम्हाला आदल्या संध्याकाळी कळले. परदेशी प्रौढासाठी हे शुल्क जानेवारी ते जूनमध्ये १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर आहे, आणि तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहापर्यंतच चालते. म्हणजे चौघांचे ८०० डॉलर, एका दिवसाचे. इतक्या दूर आलो म्हणून भरले. नदीकाठी गाड्यांची दाटी होती, कळप काठापर्यंत येऊन पुन्हा पुन्हा मागे फिरत होता, आणि दुपारी अखेर त्यांनी पाण्यात उड्या घेतल्या तेव्हा आमच्यापुढे गाड्यांचे टप आणि धूळच अधिक होती. दहा लाखांहून अधिक जनावरांचे ते वार्षिक स्थलांतर थोर आहे यात शंका नाही, पण आपल्याच लॉजच्या माळावरून शेकडो विल्डबीस्ट आणि झेब्रे एका ओळीत चालत जाताना पाहिले, तेव्हा मिळालेला आनंद त्या दिवसापेक्षा कितीतरी मोठा होता आणि त्यासाठी वेगळे काही द्यावे लागले नाही. मध्यस्थाकडून प्रवेशशुल्क, कन्झर्व्हन्सीचे शुल्क, गाडी स्वतंत्र की सामायिक, आणि गाडीत किती माणसे, या चार गोष्टी लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

तयारीचे थोडक्यात सांगतो. पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावरून विलगीकरणात जावे लागू शकते. मलेरियाच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा सामान कापडी पिशव्यांत बांधावे. मारा विषुववृत्ताजवळ असली तरी समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे, आणि पहाटे सहाच्या फेरीला उघड्या गाडीत स्वेटर, कानटोपी दोन्ही लागतात. अंथरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवण्याची लॉजची पद्धत त्यामुळेच आहे.

खर्च मोठा आहे. मध्यम दर्जाच्या अशा लॉजलाही हंगामात माणशी, रात्रीला काहीशे डॉलर मोजावे लागतात. तरी मी हे लॉज आप्तेष्टांना सुचवीन, आणि आम्हीही पुन्हा तिथेच जाणार आहोत. पण ऑगस्टमध्ये नाही. सिंह, चित्ते, हत्ती आणि जिराफ मारात बारा महिने असतात, फेब्रुवारीत पाऊसही बेताचा असतो आणि अभयारण्याचे शुल्क निम्मे लागते. मार्च ते मेच्या मोठ्या पावसात दर उतरतात खरे, पण त्या काळ्या चिकणमातीत गाडी रुतली की ट्रॅक्टर येईपर्यंत खोळंबून बसावे लागते, असे गाइडने स्वतःच बजावले आहे. त्यांचीच सोबत मिळावी म्हणून फेब्रुवारीचे आरक्षण दादांनी मध्यस्थ टाळून, थेट लॉजच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करून सुरू केले आहे.